डिक्कीचं झाकण कोणी धरायचं

११ सप्टें., गुरु. देवास

सकाळपासून तीन गोष्टींची किळस. दुधाच्या पिशवीला चिकटलेला कुणाचा तरी केस. समोरच्यांनी परत माझ्याच फाटकाशी थुंकलेला गुटखा. आणि ट्यूबलाइटमागे प. (पूर्ण नाव मी लिहीत नाही. लिहिलं की ती वही हातात धरवत नाही. भिंतीवर चालते, चुकचुकते, तीच.) शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. मुलांसाठी बेडूक ताणून टाचले, झुरळं उघडून दाखवली, कधी नाक मुरडलं नाही. या एका प्राण्यापुढे मात्र...

दुपारी बाळूचा फोन, धारहून. रविवारी अप्पांचं श्राद्ध आहे, शनिवारीच ये. एवढं बोलून मग खरी बातमी. "ताई, निळीच्या डिक्कीच्या स्प्रिंगा मिळाल्या भिया! धामनोदला एकाने बनवून दिल्या. दसऱ्याला गाडी एकदम टनाटन." सख्ख्या मोठ्या बहिणीला भिया, म्हणजे इंदुरी भाऊ! वय अठ्ठावन्न.

विचारलं, बसवणार कोण? "मीच. व्हिडिओ बघितलाय ना. दो मिनट का काम आहे."

दोन मिनटं.

संध्याकाळी बी.पी. १५०/९५.

१४ सप्टें., रवि. धार

श्राद्ध झालं. कावळ्याने लगेच घास घेतला, म्हणजे अप्पांची काही इच्छा राहिलेली नाही, असं शैलाने गच्चीवरूनच जाहीर केलं. शैला, बाळूची बायको. मनाने चांगली आहे, पण सगळं जाहीर करते.

पानावर खिरीची वाटी आली आणि माझा हात थांबला. काठाला पोचा असलेली तीच वाटी. डोळा गेल्यावर अप्पा झोपताना काचेचा डोळा काढून या वाटीत पाण्यात ठेवत. सकाळी वाटी विसळायचं काम माझ्याकडे होतं. मी ती चिमट्यात धरून, तोंड फिरवून, नळाखाली धरायची. अप्पा दारात उभे राहून बघायचे. एका शब्दाने बोलले नाहीत कधी.

शैलाला यातलं काही माहीत नाही. ती या घरात आली तोवर वाटी इतर भांड्यांत गेली होती. "वन्सं, खीर आवडली नाही का?" म्हटलं, गोड बंद केलंय. साफ खोटं. मग स्वतःचीच किळस आली, वाटीची नाही.

जेवणानंतर मागे जाऊन निळी पाहिली. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी गाडी. निळा रंग आता फक्त दारांच्या आतल्या अंगाला उरलाय. डिक्कीचं झाकण उघडं, आणि त्याला टेकू कशाचा, तर फरशी पुसायच्या डांड्याचा! खाली फडकं तसंच, ओलं. त्या झाकणाखाली शैलाने चार-पाच किलो लसूण पसरलाय. रोज दोनदा डोकं आत घालून कांडी काढते. जुन्या काळचा जाड पत्रा आहे तो, मानेवर आला तर दुसरं श्राद्ध घालावं लागेल. तिला म्हटलं तसं. "पडत नाही हो वन्सं, चार वर्षं झाली."

जुन्या दोन्ही स्प्रिंगा गंजून तुटल्याला चार वर्षं झाली, आणि चार वर्षं हा डांडा. कुणालाच काही वाटत नाही.

१५ सप्टें., सोम. धार

बाळूने स्प्रिंगा दाखवल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, काळ्या तेलाने बरबटलेल्या. सतरंजीवर ठेवल्या! दोन्ही शेजारी धरून बघितल्या तर एक बोटभर लांब. "उन्नीस-बीस चलता है ताई." धामनोदचा तो माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं काम करतो म्हणे. ट्रॉलीला चालत असेल उन्नीस-बीस.

मग बसवायची रीत सांगितली. झाकण शैला वर धरणार. एक हूक बिजागरीच्या दांडीत अडकवायचा, दुसऱ्या हुकात पेचकस घालायचा, जोर लावून ओढायचा आणि पत्र्याच्या भोकात सोडायचा. खटाक!

म्हटलं, निसटली तर?

"नाही निसटत."

"अप्पांची निसटली."

त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "ताई, अप्पा मोठे मिस्त्री होते, मान्य. पण थोडे लापरवाह होते. इतक्या वर्षांचा हात, आणि पक्कड सुटते? मी नसती सोडली."

मी स्प्रिंगा परत वर्तमानपत्रात गुंडाळल्या. माझं तोंड बघून शैलाने पाणी आणून दिलं.

पुढे तिनेच विषय मिटवला. पितरांच्या पंधरवड्यात गाडीला नवी वस्तू लावायची नाही, घट बसू देत, मग काय ते करा. बाळू कुरकुरला पण ऐकलं. शैलाच्या पंचांगाचे आभार मानायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली.

१६ सप्टें., मंगळ. देवास

इंदूरला बस बदलताना शेजारच्या बाईने माझ्या पायावर उलटी केली. धुतलं. त्याचं काही विशेष नाही.

दिवसभर डोक्यात एकच. लापरवाह.

आज लिहून टाकते. पन्नास वर्षांत कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, बाळूला नाही. अप्पांशी तर कधी शब्दही नाही.

मे महिना. मी बारा वर्षांची. बाळू मावशीकडे गेलेला. अप्पांचं गॅरेज म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. निळी तेव्हा आमची नव्हती, एका म्हाताऱ्या साहेबांची होती, डिक्कीच्या स्प्रिंगा बदलायला आलेली. स्प्रिंग काढली की झाकण आपलं आपण उभं राहत नाही, कोणीतरी धरावं लागतं. मी धरलं. दोन्ही हातांनी, चवड्यांवर उभी राहून. अप्पा आत वाकलेले, पकडीने स्प्रिंग ताणत. म्हणाले, "बेबी, काही झालं तरी सोडायचं नाही."

वरच्या पत्र्यावरून प. पडली. माझ्या डाव्या हातावर. थंड. मनगटापासून कोपरापर्यंत धावली.

मी सोडलं.

झाकण अप्पांच्या खांद्यावर आलं, पक्कड सुटली, ताणलेली स्प्रिंग उलटी आली आणि डाव्या डोळ्यात...

अप्पांनी सगळ्यांना एकच सांगितलं. पक्कड निसटली. आईला, डॉक्टरांना, साहेबांना, मोठा झाल्यावर बाळूला. प. पडली एवढं मात्र आईला मी सांगितलं होतं, कारण मी किंचाळतच होते. त्यावर आईने काय करावं? मला नळाखाली बसवून डोक्यावरून अंघोळ घातली आणि पंचांगात पल्लीपतनाचं पान उघडून डाव्या हाताचं फळ पाहिलं. तिकडे अप्पांना जीपमध्ये घालून इंदूरला नेत होते आणि मी इथे शिकेकाईने न्हात होते. फळ काय निघालं ते आठवत नाही. चांगलंच निघालं असावं, आई निश्चिंत दिसली.

पुढे साहेब गाव सोडून गेले तेव्हा निळी अप्पांना देऊन गेले. आपल्या गाडीपायी मिस्त्रीचा डोळा गेला, हे त्यांना लागून राहिलं होतं. बाळू त्या गाडीला जीव लावतो. अंगणात तिचं तोंड पूर्वेला ठेवतो.

लिहिलं म्हणून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. तोंड कडू आहे.

१७ सप्टें., बुध.

काल राहिलं ते. अप्पा तीन महिन्यांनी कामावर आले ते नवी रीत घेऊन. स्प्रिंग गाडीत ओढायचीच नाही. बाहेर, टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात तिचं एक टोक घट्ट धरायचं, हाताने एका बाजूला वाकवायची. दुसऱ्या अंगाला वेटोळी फटीएवढी उघडतात. त्या फटींत एकेक पैसा सरकवायचा. मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडे. होता होता स्प्रिंग आपोआप लांब होते आणि तशीच राहते. हातात धरा, गाडीत न्या, दोन्ही हूक बोटांनी अडकवा. जोर नाही, पक्कड नाही. झाकण अर्ध्यावर आणलं की स्प्रिंग ताणली जाते, पैसे सैल होतात.

पैसे म्हणजे भोकाचे जुने पैसे, चलनातून केव्हाच गेलेले. अप्पांनी ते एका सुतळीत ओवले होते, देवीच्या कवड्यांच्या माळेसारखे. सैल झाले की सुतळी ओढायची, सगळे एकदम बाहेर. एकही पत्र्याच्या फटीत पडत नाही, उडत नाही.

हे त्यांनी मला शिकवलं. तेरा वर्षांच्या मुलीला, जी त्यांच्या डोळ्याची वाटी चिमट्याने धरायची. मी बऱ्याच गाड्यांच्या बसवल्या, कॉलेजात जाईपर्यंत. झाकणाला मात्र अप्पा बांबू लावायचे. दोरीने बांधलेला. "झाकण माणसाने धरायचं नाही, बांबूने धरायचं." नियमच झाला तो.

२२ सप्टें., सोम. घट बसले

देवीच्या टेकडीवर जायची रांग आमच्या गल्लीपर्यंत. रस्त्यात प्रसादाचे द्रोण, त्यांवर माशा. भक्तीचा उरलासुरला कचरा सगळा आमच्या दारात.

बाळूला चांगल्या अक्षरात दोन पानं लिहून फोटो पाठवला. झाकणाला बांबू बांध, नुसता टेकवू नकोस. तोंड आणि छाती स्प्रिंगच्या सरळ रेषेत आणू नकोस, बाजूला उभा राहा. माळ अप्पांच्या डब्यात आहे, ती वापर. पत्र्याला तीन भोकं आहेत. मागच्या भोकात ताण जास्त, पुढच्यात कमी. सारख्या स्प्रिंगा असत्या तर दोन्हीकडे एकच भोक, पण तुझी एक लांब आहे, ती एक भोक मागे घ्यावी लागेल. बसल्यावर झाकण अर्ध्यावर सोडून बघ. खाली आलं तर ताण कमी, वर उसळलं तर जास्त. डोळ्यांवर लॅबचा चष्मा घाल, मी आणते.

उत्तर आलं: "ताई इतनी मराठी कोण पढेगा 😄 व्हॉइस टाक ना."

धाकट्याला हिंदी शाळेत अप्पांनीच घातलं. मला व्हॉइसमध्ये बोलता येत नाही, आपला आवाज परत ऐकला की शिसारी येते. तरी केला. सहा वेळा पुसला, सातवा पाठवला. त्यावर अंगठा आला.

२७ सप्टें., शनि.

शैलाचा फोन. "वन्सं, ह्यांना नवमीला सुट्टी आहे, तेव्हा बसवणार आहेत. मी धरणार आहे झाकण."

विचारलं, बांबू? "बांबूला कोण जाणार हो बाजारात, मी आहे ना."

मनात शंकेची प. चुकचुकली. (म्हणींतही हा प्राणी सोडत नाही.) उपासाच्या साबुदाण्याकडे बघवेना. एकेक दाणा डोळ्यासारखा.

मी तिथे जाऊन करायचं काय? सांगायचं की अप्पा लापरवाह नव्हते, मी होते? शैला ते गच्चीवरून जाहीर करेल. आणि बाळू? तो काही बोलणार नाही बहुतेक. गाडीचं तोंड तेवढं फिरवेल.

लाज वाटते. भीतीपेक्षा लाज जास्त आहे हे आज कळलं. बासष्टाव्या वर्षी.

३० सप्टें., मंगळ.

पिशवी भरली. लॅबचा चष्मा, कापडी हातमोजे, जाड दोरी. उद्या पहाटेची पहिली बस.

१ ऑक्टो., बुध. धार. खंडेनवमी

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

बस इंदूरला अडकली, पोचायला साडेअकरा झाले. पुढच्या खोलीत पूजा झालेली. पाटावर अप्पांची सगळी हत्यारं, पाने, हातोडी, पक्कड, पेचकस, झेंडू वाहिलेली. मागच्या टेबलाला जखडलेला वाइस उचलून आणता येत नाही, म्हणून त्याला जागेवरच हळदकुंकू. आणि पाटाच्या मधोमध, नारळाशेजारी, ती माळ. आमच्याकडे रीत अशी की नवमीला पूजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. अप्पा त्या दिवशी दाराची कडीसुद्धा ठोकत नसत.

तेव्हा मला वाटलं, चला, आज काम नाही. जीव भांड्यात पडला.

मागून शैलाचा आवाज, "आता ओढा, आता ओढा!"

धावले. हत्यारांना हात लावायचा नाही ना, म्हणून या माणसाने स्वयंपाकघरातली सांडशी घेतलेली! दुधाचं पातेलं उतरवायची. सांडशी पूजेत नसते, चहा कोण उतरवणार, म्हणून ती हत्यार नाही. एवढं धर्मशास्त्र याला कळतं. तिच्यावर अजून साय वाळलेली. स्प्रिंगचा हूक तिच्यात धरून पाय बंपरला लावून ओढत होता, तोंड नेमकं समोर, एक वीतसुद्धा लांब नाही. शैला एका हाताने झाकण धरून उभी, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात तो व्हिडिओ चालू.

स्प्रिंग पुरती ताणलेली होती. त्याला हाक मारली तर तो वळून बघेल, आणि सुटेल. हे मला कसं सुचलं कोण जाणे. म्हणून आधी तिला म्हटलं, अगदी हळू, "शैला, मोबाइल खाली टाक. दोन्ही हात लाव. काही झालं तरी सोडायचं नाही."

तोंडातून अप्पांचेच शब्द आले. माझं मलाच ऐकू आलं.

तिने मोबाइल टाकला, लसणावर. मग बाळूला, "मान बाजूला कर. आता हळूहळू ढील दे. सोडू नकोस, ढील दे." त्याने दिली. स्प्रिंग आखडली. सांडशी हातातून पडली तेव्हा तिचे दोन्ही पाय वाकलेले दिसले.

मग मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही, मिस्त्र्याच्या मुलीला येतं ते सगळं. बाळू हसायचा प्रयत्न करत होता, पण ओठ पांढरे. "अरे ताई, हुआ तो नहीं ना कुछ!"

आत गेले आणि पाटावरची माळ उचलली. शैला मागे धावत आली. "वन्सं! पूजेतलं आहे ते! अप्पांचं हत्यार आहे, आज नाही हात लावायचा!" म्हटलं, अप्पांचंच आहे आणि अप्पांनीच माझ्या हातात दिलंय, पाप लागलं तर मला लागू दे, माझ्या खात्यावर आधीच पुष्कळ आहे. तिने माळेला नमस्कार केला, मला नमस्कार केला, आणि दाराशी तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. आज पहिल्यांदा तिने काही जाहीर केलं नाही.

बाळूला म्हटलं, शेजारून बांबू आण.

"कशाला? ही धरते ना."

"अप्पांचा नियम होता. झाकण माणसाने धरायचं नाही."

"असा कुठे नियम होता?" तो अगदी सहज म्हणाला, गुडघ्यावरचं तेल पुसत. "मी कितीदा धरलंय अप्पांसाठी. उन्हाळाभर धरायचो. मला सांगून ठेवलं होतं त्यांनी, बेबी असली की बांबू लाव, ती नसली तर तू धरलंस तरी चालतं."

मी विचारलं, का, ते सांगितलं?

"नाही. मी पण नाही विचारलं. बांबू आणू?"

"आण," म्हटलं.

बांबू आला. बांधला. चष्मा घातला. स्प्रिंग वाइसमध्ये धरून वाकवली. पैशांवरचं ओलं कुंकू बोटांना लागत होतं, आणि हात आपलं आपण करत होते. एक पैसा, दुसरा पैसा, उलटी वाकव, तिसरा. माझं लक्ष तिथे नव्हतं. तरी एकही चुकला नाही. आखूड स्प्रिंग मधल्या भोकात, लांब मागच्या. हूक बोटांनी बसले. बांबू सोडून झाकण अर्ध्यावर आणलं, सुतळी ओढली, माळ अख्खी हातात आली. झाकण सोडलं. राहिलं. जिथे सोडलं तिथे राहिलं.

बाळूने तीनदा उघड-मीट करून बघितलं. लहान मुलासारखा हसला. "मख्खन है भिया!"

मला मोरीत जाऊन उलटी झाली. उपासाच्या पोटी प्रवास, असं सांगितलं.

पन्नास वर्षं मी समजत होते तो नियम लोखंडासाठी होता. तो माझ्यासाठी होता. अप्पांनी माझ्यापुढे बांबू लावला तो कशासाठी? पुन्हा तसं काही झालं तर दोष माझ्यावर येऊ नये म्हणून? की या पोरीच्या हातात आता कुणाचा डोळा द्यायचा नाही म्हणून? कारण कुठलंही असो, बांबू तोच. विचारायला माणूस नाही, आणि होता तेव्हा मी त्याची वाटी चिमट्याने विसळत होते.

२ ऑक्टो., गुरु. धार. दसरा

निळीला हार, लिंबू, मिरच्या. चाकाखाली लिंबू चिरडलं, रस शैलाच्या नव्या साडीवर, आणि ते शुभ असतं असं जाहीर झालं. गाडी शिवेपर्यंत नेऊन आणली. सोनं दिलं-घेतलं.

प्रत्येक घरी बाळू डिक्की उघडून दाखवतो. झाकण अर्ध्यावर सोडतो, लोक वा वा करतात. "ताईने बसवल्या. पूजेतलं हत्यार उचलून!" चौथ्या की पाचव्या घरी पुढे जोडलं, "अप्पांचा हात निसटला होता, माहीत आहे ना? ताईचा नाही निसटला."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. म्हणजे दात दाखवले. इतकी किळस मला कुठल्याच प्राण्याची आली नव्हती.

निघताना शैलाकडून वाटी मागून घेतली. पोचा असलेली. "ती का हो? चांगल्यातली देते ना." म्हटलं, हीच दे.

४ ऑक्टो., शनि. देवास

वाटी घासली. हाताने. चिमटा घेतला नाही. पाणी भरून खिडकीत ठेवली, चिमण्यांसाठी. एकही आली नाही, कबुतरं आली आणि घाण करून गेली. परत घासली.

९ ऑक्टो., गुरु. देवास

ट्यूबलाइटमागची पाल आज सकाळी बाहेर आली. शेपूट तुटलेली. बराच वेळ बसून बघितली. पाल. लिहिलं. वही अजून हातात आहे.

दुपारी बाळूचा फोन. झाकण अर्ध्यावर आता थोडं खाली येतं म्हणे. नवी स्प्रिंग थोडी बसणारच, आखूड होती ती एक भोक मागे घ्यावी लागेल, असं सांगितलं. "मी करू?" "हात लावलास तर बघ." "मग रविवारी गाडीच घेऊन येतो देवासला. शैलाला टेकडीवर जायचंच आहे. माळ आणतो, वाइस तुमच्या समोरच्या वेल्डिंगवाल्याकडे मिळेल." मग, फोन ठेवता ठेवता, "आणि बांबू? तुझ्याकडे आहे का, की इथून आणू?"

स्प्रिंग काढली की झाकण पुन्हा कुणाला तरी धरावं लागणार.

म्हटलं, आण. पण उतरवू नकोस लगेच. आधी बस, मला तुला अप्पांच्या पकडीचं काही सांगायचंय. शैला वर जाऊन येईतो सांगून होईल. ते सगळं ऐक, आणि मग बांबू लावायचा की झाकण मी धरायचं, ते तूच ठरव.

तिकडे डिक्कीचं झाकण मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं, ताई."

भिया म्हणाला नाही.